गृहिणीची झोप आणि तिचे हृदय

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने आरोग्यावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा चिटणीसबाईंनी मला केली आणि विषय माझ्यावरच सोपविला. मी ‘झोप’ हा विषय निवडला, हे ऐकून एकदोघी हसल्या. दुपारची वेळ, नुकताच झालेला फराळ, आणि त्यावर झोपेविषयी व्याख्यान. म्हणजे श्रोत्यांना उघड आमंत्रणच! तेव्हा आरंभीच सांगून ठेवते, की माझे बोलणे ऐकता ऐकता कुणाला डुलकी लागली तर मी मुळीच रागावणार नाही. तिला रात्रीची झोप पुरत नाही असे मी समजेन, आणि कार्यक्रम संपल्यावर तिच्याशी दोन शब्द बोलेन.

मी तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली. छातीत धडधडते, जिना चढताना दम लागतो, सकाळी डोके जड असते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या शेकडो बायका मी पाहिल्या. “झोप कशी लागते?” असे विचारले की बहुतेकींचे उत्तर ठरलेले असे : “आम्हाला कुठली हो झोप!” आणि मौज अशी, की हे उत्तर देताना त्यांच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असे. सगळ्यांच्या मागून निजते आणि सगळ्यांच्या आधी उठते, हे आपल्याकडे चांगल्या सुनेचे प्रशस्तिपत्र आहे. आज मला एवढेच सांगावयाचे आहे, की हे प्रशस्तिपत्र फार महाग पडते, आणि त्याची किंमत आपले हृदय भरते.

आपल्या शहरातील पाणचक्की आपण सर्वांनीच पाहिली आहे. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी दुरून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरावर ते जाते फिरत असे आणि त्यावर दळण निघत असे. पाणी वळविले की जाते थांबे. मग त्याची डागडुजी करता येई. हृदयाचे जाते मात्र थांबविता येत नाही. ते थांबले की सारेच संपले. मिनिटाला सुमारे सत्तर ठोके, म्हणजे दिवसाला एक लाख ठोके, असे त्याचे काम जन्मभर चालू असते. त्याला विश्रांती मिळते ती काम मंदावण्याच्या रूपाने. आणि हे मंदावणे मुख्यतः गाढ झोपेत घडते.

साधा हिशेब करून पाहा. जागेपणी मिनिटाला ७२ ठोके पडतात आणि झोपेत ते ५८ वर आले, असे धरा. सात तासांच्या झोपेत हृदयाचे जवळजवळ सहा हजार ठोके वाचतात. हे एका रात्रीचे झाले. वर्षाचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. दिवसभर ताणलेल्या रक्तवाहिन्या तेवढा वेळ सैल पडतात. ज्यांचा रक्तदाब रात्री उतरतच नाही, त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका अधिक असतो. दवाखान्यात दिवसा मोजलेला आकडा कदाचित बरा दिसेल, पण रात्रीची कथा निराळी असू शकते. म्हणून गरज वाटल्यास डॉक्टर चोवीस तास दंडावर राहणारे यंत्र लावून रात्रीचाही रक्तदाब पाहतात.

आता कुणी म्हणेल, “मी दहाला पडते आणि पाचला उठते. सात तास झाले की!” भगिनींनो, तास मोजणे पुरेसे नाही. झोप म्हणजे पिंपात भरून ठेवलेले पाणी नव्हे, की जितके तास तितके लिटर. ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. आधी हलकी, मग गाढ, मग स्वप्नांची. असा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो आणि रात्रीत असे चार-पाच फेरे होतात. गाढ झोप पहिल्या काही तासांत अधिक असते. नेमके तेव्हाच कुणी उठविले, तर पुन्हा वरच्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. दर वेळी दचकून उठताना हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब चढतो. अशी चार वेळा मोडलेली सात तासांची झोप ही अखंड सात तासांची बरोबरी करीत नाही. मोडलेल्या लोकरीचा स्वेटर विणणाऱ्या मैत्रिणींना हे अधिक समजावून सांगायला नको. लोकर वजनाला तितकीच भरते, पण गाठी किती!

याला आधार काय, असे विचारणे योग्यच आहे. अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याची एक मोठी पाहणी कित्येक वर्षे चालली आहे. तीत ४५ ते ६५ वर्षे वयाच्या ७१,६१७ स्त्रियांना १९८६ साली त्यांच्या झोपेविषयी विचारले आणि पुढे दहा वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठ तास झोपणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेने पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळले. वजन, धूम्रपान, घोरणे या गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यानंतरचा हा आकडा आहे. माझ्याच व्यवसायातील भगिनींची ही माहिती असल्यामुळे मला ती विशेष जवळची वाटते.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. त्याच पाहणीत नऊ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांनाही धोका जास्त आढळला. म्हणून ‘जितकी झोप तितके आरोग्य’ असे समजू नये. पुष्कळदा मुळातच एखादे दुखणे असलेले माणूस अधिक झोपते. दुसरे असे, की अशा पाहणीवरून झोप कमी म्हणूनच हृदय बिघडले, असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु निरोगी माणसांची झोप मुद्दाम कमी केली असता त्यांचा रक्तदाब चढतो, रक्तातील साखर नीट वापरली जात नाही आणि भूक वाढते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच दिशेला बोट दाखवितो. म्हणूनच २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयरक्षणाच्या आपल्या सात सूत्रांत आठव्याची भर घातली. आहार, व्यायाम, तंबाखूपासून दूर राहणे, वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल ही आधीची सात, आठवी झोप. प्रौढांनी सात ते नऊ तास झोपावे, असे त्यांचे सांगणे आहे. आपल्या चरकसंहितेत तर आहाराच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन आधारांत पूर्वीच स्थान दिलेले आहे. एवंच, नवे वैद्यक आणि जुने वैद्यक यांचे या बाबतीत भांडण नाही.

आता आपल्या घरात येऊ. आपली झोप कोण मोडते?

पहिला मान पाण्याचा. जायकवाडीचा एवढा थोरला नाथसागर पैठणला, आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. पण गेल्या कित्येक वर्षांत आपल्या शहराने पाच-सहा दिवसांआड, आणि उन्हाळ्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांआड नळाला पाणी आलेले पाहिले आहे. तेही कधी पहाटे तीनला, तर कधी रात्री बाराला. ‘आज पाणी आहे’ असे कळले की घरातील पुरुष निश्चिंत झोपतात आणि बाई एक कान नळाकडे लावून पडते. ही पडणे म्हणजे झोप नव्हे. मग नळाचा फुसफुस आवाज आला, की धावत जाऊन मोटर लावा, पाइप जोडा, पिंपे, हंडे, कळशा भरा. पाणी आले नाही, तरी झोप गेलीच! पाण्याच्या टंचाईविषयी आपण मोर्चे पाहिले, बातम्या वाचल्या. त्या टंचाईत बायकांची झोप किती वाहून गेली, हे मात्र कुणी मोजले नाही.

दुसरा मान पाळ्यांचा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कारखान्यांनी आपल्या शहराला भाकरी दिली, याविषयी आपण कृतज्ञ आहोत. परंतु ज्या घरात पतिराज रात्रपाळीला, मुलगा पहिल्या पाळीला आणि मुलगी सकाळच्या क्लासला, त्या घरातील बाई तिन्ही पाळ्या करते आणि तिचे नाव मात्र कुठल्याच हजेरीपटावर नसते. एकासाठी रात्री उशिरा पान वाढायचे, दुसऱ्यासाठी पहाटे डबा करायचा. ज्या भगिनी स्वतः रात्रपाळीला जातात, त्यांचे तर विचारूच नका. त्याच अमेरिकन परिचारिकांच्या पाहणीत, फिरत्या रात्रपाळ्या दहा वर्षे किंवा अधिक केलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण १५ ते १८ टक्क्यांनी अधिक आढळले. ही बातमी २०१६ सालची. त्यांनी घाबरून नोकरी सोडावी असे नाही. पण दिवसा घरी आल्यावर त्यांची झोप ही चैन नसून कामाचाच भाग आहे, हे घरच्यांनी जाणले पाहिजे.

मग तान्हे मूल, आजारी सासूबाई, उत्तररात्री औषध मागणारे मामंजी. ही सेवा आपण प्रेमाने करतो आणि करावी. प्रश्न सेवेचा नाही, वाटणीचा आहे. भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या दिनक्रमाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. शिवाय शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी हे काम करतात, तर शंभर पुरुषांपैकी अवघे २६. दिवसाचे तास सर्वांना सारखेच चोवीस मिळाले आहेत. तेव्हा बाईला काम वाढले, की ती झोपेतूनच ते कापून घेते, कारण झोप मागायला दारात कुणी येत नाही.

आणि चौथा मान आवाजाचा. लग्नाची वरात, मिरवणूक, वाढदिवसाचा ध्वनिक्षेपक. “आम्हाला सवय झाली आहे, आम्ही जागे होत नाही,” असे आपण म्हणतो. पण युरोपातील चार विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० माणसांचा रक्तदाब रात्रभर मोजून पाहिला, तेव्हा आवाज झाला की झोपलेल्या माणसाचाही रक्तदाब चढतो, असे आढळले. ही पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. माणूस निजतो, कान निजत नाहीत. आपल्या देशात रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वस्तीत रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हा नियम २००० सालापासूनचा आहे. तो कुणा एका धर्माच्या किंवा एका उत्सवाच्या विरुद्ध नाही. तो झोपणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

झोप मोडणारे हे चौघे बाहेरचे झाले. पाचवा शरीराच्या आत असतो आणि त्याची आपण थट्टा करतो. तो म्हणजे घोरणे. साधे घोरणे पुष्कळांना असते. परंतु काही माणसांचा घसा झोपेत इतका सैल पडतो, की श्वासाची वाट दहा सेकंद, वीस सेकंद, कधी अधिकच बंद होते. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवितो, माणूस गुदमरून मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. त्याला स्वतःला सकाळी काही आठवत नाही. तासाला पाच, पंधरा, तीस वेळा असे होत राहिले, तर तितक्या वेळा हृदयाला चाबूक बसतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची अशी पाहणी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. साध्या आरोग्यतपासणीसाठी आलेली ही माणसे, आजारी म्हणून आलेली नव्हेत. त्यांपैकी सव्वीस टक्के नेहमी घोरत होते, आणि झोपेत श्वास अडण्याचा दोष सुमारे साडेएकोणीस टक्क्यांमध्ये असावा, असा अंदाज निघाला. म्हणजे पाचांत एक! तेव्हा मालक घोरतात म्हणून हसू नका. घोरता घोरता श्वास थांबतो का, आणि दिवसा ते बसल्या जागी पेंगतात का, हे पाहा. हे पाहणारी पत्नीच त्यांची पहिली डॉक्टर आहे.

पण पत्नीकडे कोण पाहणार? पाळी गेल्यानंतर हा दोष स्त्रियांतही वाढतो, आणि तो ओळखणे अवघड जाते. पुष्कळ स्त्रिया मोठ्याने घोरत नाहीत. त्यांना सकाळी डोके दुखते, दिवसभर थकवा वाटतो, रात्री वारंवार जाग येते. मग ‘वयच झाले’ किंवा ‘मनाचेच आहे’ असे म्हणून सोडून देतात. त्याच वयात अंगातून गरम वाफा येऊन झोप मोडते, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढू लागते. पन्नाशीच्या आसपासच्या भगिनींनी म्हणून विशेष जपावे. आणि हेही लक्षात ठेवा, की स्त्रीचा हृदयविकार नेहमी छातीतील कळ घेऊनच येतो असे नाही. एकाएकी दम लागणे, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, घाम आणि पूर्वी कधी न जाणवलेला थकवा, हीही त्याची लक्षणे असतात. असे झाले तर सोडा पिऊन, ओवा खाऊन पडून राहू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आता उपाय. ते सोपे आहेत, म्हणूनच आपण ते करीत नाही.

निजण्याची आणि विशेषतः उठण्याची वेळ ठरलेली ठेवा. सकाळी उठल्यावर थोडे उजेडात फिरा. शरीरातील घड्याळाला त्याने किल्ली बसते. चहा दुपारी चारनंतर नको, कारण त्याचा अंमल कित्येक तास राहतो. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास. दुपारी वामकुक्षी करावी, पण वीस-तीस मिनिटे; दोन तास झोपलात, तर रात्र छताकडे पाहण्यात जाईल. उन्हाळ्यात आपल्याकडे भिंती रात्रीही तापलेल्या असतात. खिडक्या उघडून, फरशीवर पाणी शिंपडून खोली आधी निववावी. मोबाइल उशाशी ठेवू नये. शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी आपण मागून घेऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला अधिक होते; ती गोळी रात्री घ्यावी लागत असेल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बदल करू नका. आणि आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांवर झोप लागत नसेल, तर तो आजार आहे, स्वभाव नव्हे. त्यावर गोळ्यांवाचूनही चांगले उपचार आहेत.

एवढे झाले स्वतःपुरते. पण मी मघाशी सांगितलेले चार बाहेरचे चोर एकटीने हटणार नाहीत. त्यासाठी मंडळ आहे. म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली, पाण्याच्या रात्रीची पाळी लावावी. गल्लीतील एका घराने एका खेपेला जागावे आणि पाणी खरोखरच आल्यावर इतरांना फोन करावा, म्हणजे दहा घरांतील दहा बायकांना कान लावून पडायला नको. घरात मात्र पाणी भरण्याची पाळी मुलगा, पती, सून, सासू अशी सर्वांत फिरावी. पाणी सोडण्याची वेळ आदल्या दिवशी कळावी आणि ती शक्य तो दिवसाची असावी, असा अर्ज मंडळाच्या सह्यांनी द्यावा.

दुसरी, मंडळाने रक्तदाब मोजण्याचे एक चांगले यंत्र घ्यावे. दर महिन्याच्या सभेत चाळिशीपुढच्या प्रत्येकीचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. मोजण्याचे काम मी आनंदाने करीन.

तिसरी, आपल्याच घरच्या कार्यांत रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा निश्चय आपण आज करावा. दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार त्यानंतरच येतो.

कुणी विचारील, “मग मंगळागौरीचे जागरण करायचे नाही का? कोजागरीचे दूध आटवायचे नाही का?” अवश्य करायचे! वर्षातून चार रात्री हसतखेळत, मैत्रिणींबरोबर जागल्याने हृदय बिघडत नाही; उलट ते फुलते. दुसऱ्या दिवशी थोडे उशिरा उठावे म्हणजे झाले. आपण आपल्या आवडीने केलेले जागरण निराळे आणि वर्षाच्या उरलेल्या तीनशे साठ रात्री आपल्याकडून परस्पर करवून घेतलेले जागरण निराळे. पहिल्याचे उद्यापन असते. दुसऱ्याचे उद्यापन आपणच करायला हवे.

 मागच्या ओळीतील ज्या दोघींना डुलकी लागली, त्यांनी जाताना मला भेटून जावे.